मागल्या दाराचे मालक

मंगळवार हा टॅलोफील्ड हाउसमध्ये कचऱ्याचा दिवस. इमारत एकच, पण कचरा तिचा सगळाच्या सगळा मागच्या गल्लीत यायचा. पुढच्या बिऱ्हाडांचाही आणि मागच्यांचाही. चाकांचे मोठमोठे डबे मागच्या दाराला खेटून उभे राहायचे आणि पालिकेची गाडी आपल्या मर्जीने येऊन ते रिकामे करेपर्यंत त्या दाराने बाहेर पडणाऱ्याला अंग चोरून, तिरकं होऊन निघावं लागायचं.

ग्लेंडा गॅडस्बी त्या सकाळी तशीच निघाली. ती जवळच्या शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण होती. तिच्या मागून तिचे वडील विल्फ डोक्यावर टोपी घालून नदीकडे फिरायला निघाले होते.

"पोरी, सगळ्या जगात घाण मागच्या दाराने जाते आणि माणसं पुढच्या," विल्फ डब्यांच्या फटीतून स्वतःला ओढून काढत म्हणाले. "आपल्याकडे बघ कशी समता आहे."

"बाबा, सकाळी सकाळी सुरू नका ना होऊ."

"मी काय वाईट बोललो? समता आहे म्हणालो. चांगलं बोललेलंही खपत नाही तुला."

विल्फ गॅडस्बींचं उभं आयुष्य टेम्स नदीवर गेलं होतं. माल वाहणारे पडाव ते भरतीच्या पाण्यावर सोडायचे आणि नेमक्या धक्क्याला लावायचे. टॅलोफील्ड हाउस आज जिथे उभं आहे तिथे तेव्हा चरबीची वखार होती आणि तिच्या वासाने नाकाचे केस जळायचे. आता तिथून नदी दिसते म्हणून लोक जास्त पैसे मोजतात, याचं विल्फना फार हसू यायचं. बायको गेली, नगरपालिकेची जुनी चाळवजा वस्ती पाडली, आणि बापलेकीने मिळून इथे घर घेतलं. घर घेतलं म्हणजे घराचा चौथा हिस्सा घेतला. इथे तशी पद्धत आहे. ज्यांना अख्खं घर परवडत नाही त्यांनी घरं चालवणाऱ्या संस्थेकडून एक वाटा विकत घ्यायचा, उरलेल्याचं भाडं भरायचं आणि हात सैल होईल तसा वाटा वाढवत न्यायचा. विल्फच्या शब्दांत सांगायचं तर चार आणे मालकी, बारा आणे भाडं आणि नळ गळला तर सोळा आणे दुरुस्ती आपलीच.

तरी ते हरखले होते. गॅडस्बींच्या सात पिढ्यांत कोणी घराचा मालक झालेला नव्हता. भिंतीला खिळा ठोकायला कोणाची परवानगी लागत नाही, या एका गोष्टीच्या आनंदात त्यांनी पहिल्या आठवड्यात गरज नसताना पाच खिळे ठोकले.

घर घेताना माणूस खिडकी उघडून बघतो, नळ सोडून बघतो, भिंतीला ओल आहे का म्हणून हात लावून बघतो. दार कुठलं, हे कोण विचारतं? जाहिरातीत पुढचं दालन होतं, त्यात संगमरवर होता, मऊ कोच होते, मोठी फुलदाणी होती. नमुन्याचा फ्लॅट दाखवला तोही पुढच्या बाजूने नेऊन. चाव्या मिळाल्या त्या दिवशी संस्थेची व्यवस्थापक इमोजन प्राउस हसतमुखाने त्यांना इमारतीच्या कोपऱ्यावरून वळवून घेऊन गेली. "इकडून या, इकडून. जरा पायाखाली बघा हं." आणि डब्यांच्या पलीकडे एक राखाडी लोखंडी दार होतं. त्यावर नावसुद्धा नव्हतं.

"आणि ते पुढचं?" विल्फनी विचारलं होतं.

"ते पूर्ण मालकांचं," इमोजन गोड आवाजात म्हणाली. "तुमच्याच भल्यासाठी आहे हे, मिस्टर गॅडस्बी. त्या दालनाचा खर्च फार. तो तुमच्यासारख्यांच्या अंगावर पडू नये, म्हणून वेगळं दार."

"मग मी पावलागणिक पैसे देतो. चार आण्यांचा मालक आहे, चारातलं एक पाऊल तरी टाकू द्या."

इमोजन छान हसली. ती मुलगी वाईट नव्हती. असल्या गोष्टी चालवायला वाईट माणसं लागतच नाहीत, हीच तर खरी गोम आहे. आपल्याकडे अशा रीतीला निदान एक नाव असतं. नाव असलं की शिवी देता येते, भांडता येतं. इथे तिला 'व्यवस्थापनाची सोय' म्हणतात आणि सोयीशी कोण भांडणार!

ग्लेंडा तर मुळीच नाही. ती ज्या लोकांत वाढली त्यांच्यात आरडाओरडा करणं हे चोरीपेक्षा मोठं पाप. बसमध्ये कोणी यांच्या पायावर पाय दिला तरी 'माफ करा' हेच म्हणणार. केस कापण्याचं दुकान चालवणारी डिलेक खाली दुसऱ्या मजल्यावर राहायची. बाई मूळची सायप्रसची, आवाज खणखणीत. ती ग्लेंडाला म्हणायची, "तुम्ही इंग्रज ना, घराला आग लागली तरी आधी शेजाऱ्याची झोप मोडेल का ते बघाल. अगं, भांड की त्या गोडबोलीशी!"

"जाऊ दे गं," ग्लेंडा म्हणायची. "कशाला उगाच बोभाटा? घर तर मिळालंय."

तिसऱ्या मजल्यावर, गॅडस्बींच्या दारापासून हाकेच्या अंतरावर, मार्गिकेच्या टोकाला एक काचेचं दार होतं. काचेपलीकडे तीच मार्गिका पुढे जायची, फक्त तिकडे गालिचा होता आणि भिंतीवर चित्रं. ते दार कायम कुलूपबंद. विल्फ त्याला 'सरहद्द' म्हणायचे आणि पलीकडून कोणी गेलं की लष्करी सलाम ठोकायचे. एकदोघे ओशाळून हात हलवायचे. बाकीचे मोबाइलात बघायचे.

जून महिन्यात मागची लिफ्ट बंद पडली.

'भाग मागवला आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व,' असा कागद लागला. कागद पिवळा पडायला लागला तरी भाग काही येईना. त्या वर्षी उन्हाळाही असा पडला की मागच्या जिन्यात भट्टी पेटल्यासारखं व्हायचं, कारण त्या जिन्याला खिडकीच नव्हती. विल्फचं हृदय आधीच कुरकुरत होतं. ते प्रत्येक मजल्यावर बसायचे, श्वास घ्यायचे आणि वर येऊन म्हणायचे, "आज एव्हरेस्टवर गर्दी नव्हती."

ग्लेंडा दर दोन दिवसांनी संस्थेला फोन करायची. फोनवर संगीत वाजायचं. मग कोणीतरी अतिशय नम्रपणे सांगायचं की तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. ग्लेंडा "धन्यवाद" म्हणून फोन ठेवायची.

पुढच्या दारावर एबेनेझर असायचा. घानाचा माणूस, पन्नाशीचा, गणवेशाच्या इस्त्रीत सुरकुती सापडायची नाही. त्याला विल्फबद्दल माया होती. त्याच्या मुलखात पांढऱ्या केसांच्या माणसाला जिना चढायला लावणं म्हणजे लाजिरवाणी गोष्ट. एकदा विल्फ कोपऱ्यावर धापा टाकत उभे असताना तो बाहेर आला.

"काका, ऐका माझं. दुपारी ऑफिसात कोणी नसतं. पुढून आत या, या लिफ्टने वर जा. तिसऱ्या मजल्यावरचं काचेचं दार माझ्या या किल्लीच्या चकतीने उघडतं. मी सोडतो तुम्हाला. कोणाला कळणार नाही."

विल्फनी टोपी काढून घाम पुसला. "कोणाला कळणार नाही असा मी आयुष्यात फक्त दारूच्या गुत्त्यात गेलोय, बाबा. माझ्या घरात नाही जाणार."

"अहो काका, जीव जाईल त्या जिन्यात!"

"उघडायचं असेल तर सगळ्यांसमोर उघडा. चोरासारखा मी येणार नाही. तुझा राग नाही हं. तू चांगला माणूस आहेस."

हे ग्लेंडाला कळलं तेव्हा ती वैतागली. "एवढा कसला ताठा, बाबा? कोणी मायेने देतंय तर घ्यावं."

"माया घ्यावी. दार घेऊ नये," विल्फ म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

ग्लेंडाने मात्र घेतलं. शाळेतून दिवसभर उभी राहून, वर बाजाराच्या पिशव्या घेऊन परत येताना एका संध्याकाळी तिचे पाय उचलेनात आणि एबेनेझरने नुसती मान हलवून दार धरलं. ती संगमरवरावरून खाली बघत चालत गेली, गार लिफ्टने वर गेली, आणि त्याने काचेचं दार उघडून दिलं तशी स्वतःच्याच घरात गुपचूप शिरली. दुसऱ्या संध्याकाळीही. मग रोजच. वडिलांना तिने सांगितलं नाही. फार काही केलंय असंही तिला वाटलं नाही.

पण यंत्राला सगळं दिसतं. काचेचं दार रोज संध्याकाळी कोणाच्या चकतीने उघडतंय हे इमोजनच्या संगणकावर उमटत होतं. तिने एबेनेझरला बोलावून दम भरला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तोंडावर वाईट बोलणं तिच्याही अंगात नव्हतं. त्या माणसाला वाईट वाटेल, आपल्यालाही अवघडल्यासारखं होईल, असा विचार करून तिने एका शुक्रवारी नुसतं एक बटण दाबलं आणि त्याच्या चकतीतून ते दार काढून टाकलं. सोमवारी सवडीने, नीट शब्दांत सांगू, असं तिने ठरवलं. मग शाळेला सुट्टी लागली म्हणून ग्लेंडा घरीच राहायला लागली, काचेच्या दाराचं कोणाला काम पडलं नाही, आणि इमोजनचा तो सोमवार काही उजाडला नाही.

विल्फ पडले ते एका बुधवारी. नदीवरून परत आले, तिन्ही मजले चढले, आणि घराच्या दारात पोचायच्या आधीच मार्गिकेत भिंतीला धरून खाली बसले. ग्लेंडाने आवाज ऐकला. बाहेर येऊन पाहते तो त्यांचा चेहरा मेणासारखा आणि ओठ निळे.

"काही नाही, पोरी," ते म्हणाले. "जरा दम लागलाय."

अँब्युलन्स लवकर आली. पत्ता टॅलोफील्ड हाउसचा, आणि पत्त्याला रस्ता सापडतो तो पुढच्याच दाराचा. मागची लिफ्ट बंद आहे, जिन्याने वेळ जाईल, हे एबेनेझरला ठाऊक होतं. त्याने अँब्युलन्समधल्या दोघांना सामानासकट पुढच्या लिफ्टने वर नेलं आणि स्वतः पुढे धावला. तिसऱ्या मजल्यावर काचेच्या दाराला त्याने चकती लावली. लाल दिवा लागला. त्याने पुसून परत लावली. परत लाल.

ग्लेंडा काचेच्या अलीकडे जमिनीवर बसली होती. वडिलांचं डोकं तिच्या मांडीवर. काचेपलीकडे हिरव्या कपड्यांतली ती बाई आणि तो पुरुष, त्यांच्या हातात हृदयाला झटका द्यायचं यंत्र, सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. एबेनेझरने आग विझवायचं नळकांडं उचलून काचेवर घातलं. काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले, पण ती फुटली नाही. चांगली काच होती. तो पुन्हा पुन्हा मारत राहिला. मग ते दोघे वळले आणि धावत सुटले. लिफ्टने खाली, दालनातून बाहेर, कोपऱ्यावरून, गल्लीतून, डब्यांमधून आणि तीन मजले वर.

ते पोचले तेव्हा त्यांनी सगळं केलं. छाती दाबली, यंत्र लावलं, एकमेकांकडे बघितलं. मग त्या बाईने ग्लेंडाच्या खांद्यावर हात ठेवला.

"माफ करा हं," ग्लेंडा त्यांना म्हणाली. "तुम्हाला उगाच एवढं चढावं लागलं."

त्यानंतरचे दिवस ग्लेंडाला कोणीतरी दुसऱ्या बाईबद्दल सांगावेत तसे वाटत राहिले. तिला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. ती उठायची, अंथरूण घडी करायची, दोन कपात चहा ओतायची आणि दुसरा कप थंड झाला की मोरीत रिकामा करायची. शाळा बंद होती तरी एक दिवस ती शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली. डिलेक रोज रात्रीचं जेवण आणून द्यायची, भोपळी मिरच्यांत भरलेला भात, आणि समोर बसून खायला लावायची.

"रड गं बाई एकदा," ती म्हणायची. "मला तुझी भीती वाटते."

"मलाही वाटते," ग्लेंडा म्हणाली. आणि ते खरं होतं. आपल्याला काही वाटत नाही याचीच तिला आतून भीती वाटायची, पण ती भीतीही लांबून, भिंतीपलीकडच्या रेडिओसारखी.

तडे गेलेली काच दोन दिवसांत बदलून झाली. लिफ्टवरचा कागद तसाच होता.

एबेनेझर आला तो साध्या कपड्यांत. त्याला दुसऱ्या कुठल्याशा इमारतीवर पाठवलं होतं. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला.

"चकतीतून ते दार काढलं होतं हे मला कोणी बोललंच नाही, ताई. दीड आठवडा आधी काढलं होतं. कोणीतरी मला चार शिव्या घालून सांगितलं असतं ना, तर मी त्यांना सरळ मागून आणलं असतं. धावत आणलं असतं. काका..."

"का काढलं होतं?" ग्लेंडाने विचारलं.

त्याची नजर दारामागे टांगलेल्या पिशव्यांकडे गेली. तिला कळलं. आपल्या बाजाराच्या पिशव्या, आपली ती खाली बघून केलेली ये-जा. तिला वाटलं आता तरी छातीत काहीतरी तुटेल. पण तिने फक्त विचारलं, "चहा घेणार ना?"

अंत्यविधी पुढल्या गुरुवारी ठरला. दोन दिवस आधी इमोजन प्राउस पांढरी फुलं घेऊन आली. ती मागच्या जिन्याने वर आली, पहिल्यांदाच, आणि तिसऱ्या मजल्यावर तिला इतका दम लागला होता की काही वेळ बोलता येईना.

"मिस गॅडस्बी, आम्हा सगळ्यांना फार दुःख झालं आहे. आम्ही विचार केला की तुमच्या वडिलांसाठी काहीतरी करावं. गुरुवारी सकाळी नऊ ते दहा पुढचं दार तुमच्यासाठी उघडं राहील. शववाहिका पुढच्या चौकात लागेल. दालनात थोडा वेळ त्यांना ठेवता येईल, फुलंही असतील. पुढच्या रहिवाशांना आम्ही कळवलं आहे आणि सगळ्यांनी अगदी मनापासून होकार दिला."

"धन्यवाद," ग्लेंडा म्हणाली. जिभेला दुसरं वळणच नव्हतं.

अंत्यविधीचं काम बघणाऱ्या म्हाताऱ्या मिस्टर टलना ते ऐकून बरं वाटलं. "घ्या बाई, नाही म्हणू नका," ते म्हणाले. "मागच्या गल्लीत माझी गाडी वळत नाही. त्या जिन्याच्या वळणावर शवपेटीही वळायची नाही. तुमचे वडील नदीवरचे, त्यांच्या लोकांत शेवटची रात्र पेटी घरी ठेवतात हे मला ठाऊक आहे. ते काही जमणार नाही. निदान माझ्या दुकानातून आणून पुढच्या दाराने तरी मानाने नेऊ."

"थुंक त्या मानावर," डिलेक म्हणाली. टलना ते आवडलं नाही.

ग्लेंडा दोघांचं ऐकत बटाटे सोलत होती. तिच्या वडिलांनी आईच्या वेळी एकच गोष्ट मागितली होती: मला दुकानातून नेऊ नका, घरातून न्या. तेवढं आता तिच्या हातात होतं. संगमरवरावर नेलं तर लोक हळहळतील, फोटो चांगले येतील, आणि बाबा एकदाचे पुढच्या दाराने जातील. सगळ्यांच्या परवानगीने, एका तासापुरते. तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला.

"बुधवारी संध्याकाळी पेटी घरी आणा," ती टलना म्हणाली.

"अहो, पण वर कशी..."

"वर नको. खाली दारात ठेवू. मागच्या दाराच्या आत, टपालपेट्यांपाशी."

"तिथे सायकली असतात, मिस गॅडस्बी."

"सायकली हलवू."

बुधवारी संध्याकाळी मागच्या बाजूची झाडून सगळी बिऱ्हाडं खाली उतरली. सायकली गल्लीत गेल्या. डिलेकने फरशी घासली आणि तिच्या मुलखातून आणलेला लाल गालिचा अंथरला. कोणी खुर्च्या आणल्या, कोणी चहाची किटली, कोणी सॅन्डविचं. टलच्या माणसांनी विल्फना खांद्यावरून आणलं आणि टपालपेट्यांखाली दोन तिवयांवर ठेवलं. लोक येऊन बसले. विल्फच्या जुन्या थट्टा निघाल्या, ते पाच खिळे निघाले, एव्हरेस्ट निघालं, आणि माणसं हसता हसता डोळे पुसू लागली. ग्लेंडा पेटीवर हात ठेवून बसली होती. लाकूड गुळगुळीत होतं. तिला फक्त एवढंच जाणवत होतं की ते गुळगुळीत आहे.

गुरुवारी सकाळी ऊन लख्ख होतं. एबेनेझर आला तो त्याच्या देशातल्या शोकाच्या वेशात, एक खांदा उघडा टाकून काळंतांबडं वस्त्र पांघरलेलं. पेटीच्या पुढच्या टोकाला त्याने खांदा दिला. सहा जणांनी पेटी उचलली, राखाडी दारातून तिरकी करून बाहेर काढली आणि गल्लीतून निघाले. टल उंच काळी टोपी घालून, हातात काठी घेऊन, डब्यांच्या रांगेपुढून राजवाड्यापुढून चालावं तशा संथ पावलांनी चालत होते. मागे काळ्या कपड्यांतली सगळी मागची बाजू.

कोपरा वळून मंडळी पुढच्या चौकात आली. शववाहिका उभी होती. काचेचं मोठं दार सताड उघडं होतं आणि आत पांढऱ्या फुलांच्या दोन परड्या ठेवल्या होत्या. पुढचे रहिवासी दोन्ही बाजूंना अदबीने उभे होते. एकाने हातातला कॉफीचा पेला पाठीमागे लपवला. इमोजन काळ्या पोशाखात पुढे आली.

"या," ती हळू आवाजात म्हणाली. "आत आणा त्यांना. दार उघडं आहे."

ग्लेंडाने हात वर केला. टल थांबले, तशी पेटीही खांद्यांवर थांबली.

"कधीपर्यंत?" ग्लेंडाने विचारलं.

"अं? दहापर्यंत. थोडा उशीर झाला तरी काही हरकत नाही."

"मी दुपारी परत येईन. हातात पिशव्या असतील, पाय दुखत असतील. तेव्हा?"

इमोजनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "मिस गॅडस्बी, आपण नंतर बोलू या का? आजच्या दिवशी हे..."

"आजच. आम्ही थांबतो."

सहाही जण पेटी तोलून उभे होते. एबेनेझरच्या मानेची शीर तटतटली होती, पण त्याने पाय हलवला नाही. डिलेक, जिच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नव्हतं, तीही ओठ घट्ट मिटून उभी होती.

"तुम्हाला ठाऊकच आहे," इमोजन शेवटी पुटपुटली.

"मला ठाऊक आहे. पण तुम्ही कोणी कधी तोंडाने सांगितलं नाही. एबेनेझरला सांगितलं नाही. बाबांनासुद्धा हसून हसून इकडून या, इकडून या म्हणालात." ग्लेंडाचा आवाज चढला नव्हता. दुकानात पाव मागावा तसा तो होता. "आता सांगा. मोठ्याने सांगा. ते इथेच आहेत, त्यांना ऐकू जाऊ दे. दहानंतर आमचं दार कुठलं?"

इमोजनने आजूबाजूला बघितलं. मदतीला कोणी येईना. पुढचे रहिवासी जमिनीकडे बघत होते.

"मागचं," ती म्हणाली.

"ऐकू आलं नाही."

"मागचं!" इमोजन जवळजवळ ओरडली, आणि तिच्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं. "दहानंतर तुमचं दार मागचं आहे."

भरल्या उन्हात, माणसांच्या समोर, पहिल्यांदा कोणीतरी ते बोललं होतं. पेला लपवणाऱ्या त्या गृहस्थाने मान वर केली आणि ग्लेंडाशी नजर भिडताच परत खाली घातली. या घराचे आपण मालक झालो तेव्हा ते मागचं दारही आपलंच झालं होतं, हे त्याला त्या क्षणी कळलं असावं.

"धन्यवाद," ग्लेंडा म्हणाली. मग टलकडे वळली. "चला. बाबांना उशीर नको."

पेटी त्या दारासमोरून पुढे गेली आणि शववाहिकेत चढली. ग्लेंडा मागच्या गाडीत बसली. डिलेकने तिला कवेत घेतलं. इतक्या दिवसांनी ग्लेंडाच्या तोंडून पहिला हुंदका निघाला आणि तो काही केल्या थांबेना.

इकडे चौकात लोक बराच वेळ तसेच उभे होते. पुढचं दार उघडंच होतं. आत जायचं तर त्यातूनच जावं लागणार, पण पहिलं पाऊल टाकायला कोणी धजेना; ते लावून घ्यावं असंही कोणाच्या मनात आलं नाही. दहा वाजले तसं ते आपलं आपणच लागलं. तशी व्यवस्था आधीच करून ठेवलेली होती.